सूनबाईची परीक्षा आणि भोंग्याची पाठ

माझ्या मुलाचं भोंगा हे नाव मी ठेवलेलं नाही. ते त्यानं स्वतःच्या गळ्याच्या जोरावर कमावलं. लहानपणी पायात काटा मोडला की तो असा ओरडायचा, की तीन गल्ल्या पलीकडची माणसं हातातलं काम टाकून यायची आणि काटा बघून आम्हांलाच चार शब्द सुनावून जायची. पुढे तो अँब्युलन्सवर ड्रायव्हर लागला तेव्हा शेजारचा शिंपी म्हणाला, "बरं झालं, निदान आता ओरडण्याचा पगार तरी मिळेल."

सतरा वर्षं झाली त्याला. गाडी चालवण्यात त्याचा हात धरणारा नाही, हे मी बाप म्हणून सांगत नाही, त्याच्या गाडीतून गेलेली माणसं सांगतात. अर्थात जी सांगायला उरली ती. संध्याकाळी आम्ही चौघं जेवायला बसलो, म्हणजे मी, तो, सूनबाई आणि नात, की पहिल्या घासापासून त्याची गोष्ट सुरू. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट झाडावरच्या माणसाची. फांद्या तोडणारा एक माणूस वरून पडला होता, स्ट्रेचर जाईना एवढी वाट अरुंद, मग भोंग्यानं त्याला खांद्यावर टाकलं आणि धावत गाडीपर्यंत आणलं. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. दर वेळी ती वाट थोडी लांब व्हायची. तो माणूस वाचला, अजूनही अधूनमधून रस्त्यात भेटतो. त्याची मान जराशी डावीकडे कललेली असते. आम्ही हसायचो, की कुणीतरी कानात गुपित सांगत असल्यासारखा चालतो बिचारा.

आता गंमत बघा. सूनबाईला प्रशिक्षणाचा अर्ज आणून दिला तो भोंग्यानंच. ती दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर करायची. त्याच्या गाडीत मागे बसणारा कंपाउंडर वर्षभरात निवृत्त होणार होता, आणि तिथं आता शिकलेलं माणूस हवं असा नियम आला होता. दहा महिन्यांचा कोर्स, शेवटी परीक्षा, आणि पस्तिशीच्या आत पास व्हायला हवं. तिला नुकतीच चौतीस पूर्ण झालेली. म्हणजे संधी एकच. भोंगा म्हणाला, भर की अर्ज, बघू काय होतं. त्याला वाटलं काही होणार नाही. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे खूप पाहिले, पण हा धोंडा यानं फॉर्मवर फोटो चिकटवून, सही घेऊन, रांगेत उभं राहून पाडून घेतला.

पहिल्याच दिवशी ती घरी आली आणि त्याला म्हणाली, जरा आडवे व्हा ना, नाडी बघायची आहे. हा म्हणाला, मी काही बाहुला नाही. मी लगेच आडवा झालो. मला काय, दुपारभर आडवाच असतो. तेव्हापासून घरचा पेशंट मी. त्या दहा महिन्यांत मी पंधरा वेळा जिन्यावरून पडलो, नऊ वेळा भाजलो, दोनदा बुडालो आणि एकदा, नातीच्या आग्रहास्तव, मला साप चावला. माझे दोन्ही हात गळ्यात बांधून सूनबाई कुकर उतरवायला जायची आणि विसरायची. एकदा शिंपी आला तेव्हा मी तसाच बसलो होतो. त्यानं बाहेर जाऊन काय सांगितलं देव जाणे, संध्याकाळपर्यंत चार माणसं फळं घेऊन आली. फळं आम्ही ठेवून घेतली.

मी एवढा मजेत, आणि भोंग्याच्या मात्र पोटात दुखायला लागलेलं. त्याची सुरुवात मला नेमकी ठाऊक आहे. कोर्सचा तिसरा महिना असेल. नातीच्या मैत्रिणीची आई जेवायला होती, म्हणून भोंग्यानं झाडावरच्या माणसाची गोष्ट काढली. खांद्यावर टाकला, असं म्हणून त्यानं हात वर केला, आणि सूनबाई भात वाढता वाढता सहज म्हणाली, "मान आधी धरायला हवी होती. तसं उचलायचं नसतं."

तिच्या मनात काही नव्हतं. शाळेतून आलेलं पोर पाढा म्हणतं ना, तसं ते तोंडातून गेलं. पण भोंग्याचा हात वरच राहिला. आम्हां सगळ्यांना ती कललेली मान आठवली. ती पडण्यामुळे की उचलण्यामुळे, कुणास ठाऊक. पण त्यानंतर ती गोष्ट आमच्या घरात कुणी सांगितली नाही.

मत्सर या विषयातला मी जुना विद्यार्थी आहे. आमच्या गावच्या शाळेत चार इयत्ता एका खोलीत आणि गुरुजी एकच. घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा. ती वाजवायचं काम गुरुजींनी माझ्या शेजारी बसणाऱ्या सोनाराच्या पोराला दिलं. मी दोन वर्षं पाढे सोडून, त्याला ताप कधी येतो याची वाट बघत बसलो. एकदा आला. गुरुजींनी घंटा त्याच्या धाकट्या बहिणीला दिली. म्हणून सांगतो, जळणाऱ्या माणसाचा चेहरा मला लांबून ओळखू येतो. तो स्वतः सोडून सगळ्यांना ओळखू येतो.

भोंगा तर रबरी बाहुल्यावरसुद्धा जळला. त्यांच्या केंद्रात छाती दाबायला शिकवतात तो बाहुला. त्याला सगळे साहेब म्हणत, कारण कितीही हलवलं तरी तो उठत नसे. तीस वेळा छाती दाबायची, दोनदा तोंडानं श्वास द्यायचा. सूनबाई हे रंगून सांगत होती. भोंगा मला गॅलरीत घेऊन गेला आणि हळूच विचारू लागला, की दिवसातून किती वेळा करावं लागत असेल हे. मी म्हटलं, अरे, तो रबराचा आहे. तो म्हणाला, "असू दे. पुरुष आहे ना?"

मग एकदा त्याला डबा द्यायला मी स्टँडवर गेलो, तर हा बंद गाडीत मागच्या बाकड्यावर बसून सूनबाईचं कोर्सचं पुस्तक वाचत होता. मला बघून पुस्तक बुडाखाली सरकवलं. डबा दिला, परत आलो. पण पान मी पाहिलं होतं. त्यावर पालथ्या माणसाचं चित्र होतं.

परीक्षा आली. केंद्रातल्या शिकवणाऱ्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांचा निरोप आला, की परीक्षेसाठी दम लागलेला एक म्हातारा हवा आहे, सूनबाईचे सासरे येतील का. मी नवा शर्ट घातला. भोंग्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सतरा वर्षं गाडी चालवतो मी, आणि बोलावणं यांना. तो थेट मोठ्या बाईंकडे गेला आणि म्हणाला, मलाही पेशंट करा. बाईंनी विचार केला. परीक्षक परगावचे होते, त्यांना नाती ठाऊक नव्हती. बाईंनी त्याला बजावलं, बायकोला खाणाखुणा केल्यास तर तिचाच पेपर रद्द होईल. जे कार्डावर लिहिलंय तेच बोलायचं. त्यानं शपथ घेतली. बाईंना भीती कशाची होती बघा, की हा तिला मदत करील.

माझं काम सकाळीच संपलं. दम लागल्याचं सोंग मी इतकं छान केलं, की एका उमेदवारानं परीक्षकांनाच ऑक्सिजन आणायला पिटाळलं. मग मी मागच्या अंगणात भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसलो. तिथं भोंगा सिमेंटवर उताणा पडला होता, शेजारी आडवी शिडी. कार्ड असं, की रंगारी शिडीवरून पडला आहे. मांडीला लाल रंगाची जखम, ती सगळ्यांना दिसते. आणि शर्टाच्या आत, खांद्याच्या फऱ्याखाली, दुसरी जखम रंगवलेली. ती खरी मेख. मांडी बांधून झाल्यावर विचारायचं, आणखी कुठे दुखतं का. विचारलं तर पेशंटनं सांगायचं, पाठीत. मग मान, पाठ, कंबर एका रेषेत धरून तिघांनी त्याला कुशीवर वळवायचं, शर्ट वर करून पाठीवरून हात फिरवायचा आणि मगच खाली फळी सरकवायची. दहा उमेदवार होऊन गेले. बरेचसे विचारायलाच विसरले आणि फळी सरकवून मोकळे झाले. ज्यांनी विचारलं त्यांना भोंग्यानं इमानानं सांगितलं, पाठीत. मी मोजत होतो. चौघांना.

अकरावी आमची सूनबाई. आली, गुडघ्यावर बसली आणि एकदम सरकारी आवाजात म्हणाली, "दादा, मी अँब्युलन्समधून आले आहे. मान हलवू नका."

नवऱ्याला दादा. गंमत बघायला आलेले बाकीचे ड्रायव्हर भिंतीलगत तोंडात रुमाल कोंबून बसले. भोंग्याचे कान लाल झाले, आणि तो रंग कुणी लावलेला नव्हता. तिनं मदतीला दिलेल्यांतल्या एकाला डोकं धरायला लावलं, श्वास पाहिला, मांडीला पट्टा आवळला, नाडी मोजली. एकही पायरी चुकली नाही. मी बाकावर ताठ बसून कौतुकानं बघत होतो. आणि भोंगा वर आभाळाकडे बघत होता. ती जेवढी नीट करत होती, तेवढा त्याचा जबडा घट्ट होत होता.

तिनं विचारलं, "आणखी कुठे दुखतंय?"

भोंगा म्हणाला, "नाही. कुठेच नाही."

मी बाकावरून अर्धा उठलो. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याही ते कार्ड जाणून होत्या. पण परीक्षेत मधे बोलायचं नाही हा त्यांचाच नियम. परीक्षकांच्या हातातल्या घड्याळात दीड मिनिट उरलं होतं. तिघांनी मिळून त्याला कुशीवर वळवलं. फळी धरणारा पुढे सरकला. दहा महिन्यांचं सगळं त्या शर्टाच्या कापडामागे होतं, आणि माझ्या पोरानं ते कापड गच्च धरून ठेवलं होतं.

"थांब. फळी नको," सूनबाई म्हणाली. मग परीक्षकांकडे वळून तिनं सांगितलं, की पेशंट दुखत नाही म्हणतो आहे, पण श्वास घेताना त्याचा चेहरा बदलतो. पाठ बघितल्याशिवाय मी उचलणार नाही. तिनं शर्ट वर केला, हात फिरवला, रंगवलेली जखम दाखवली. परीक्षकांनी कागदावर खूण केली. ती मात्र तिथंच थांबली. बोटानं पुसून पाहिलं. म्हणाली, "हा रंग आहे, सर. पण हे खालचं रक्त खरं आहे."

सकाळपासून दहा जणांनी त्याला तिथं वळवलं, उचललं, ठेवलं होतं, आणि सिमेंटमधून वर आलेली एक टोकदार खडी दर वेळी त्याच्या पाठीत घुसत होती. अंगठ्याएवढं कातडं सोललं होतं. ज्या माणसानं काट्यासाठी तीन गल्ल्या गोळा केल्या, तो बायकोच्या वर्गासमोर अवाक्षर न काढता पडून राहिला होता.

परीक्षकांनी कार्ड उलटून पाहिलं. पेशंटनं पाठीत दुखतं असं सांगायला हवं होतं, मग यानं 'नाही' असं का म्हटलं, हे त्यांनी विचारलं. भोंग्यानं डोळे मिटून घेतले. सूनबाई कापूस भिजवत होती. मान वर न करता म्हणाली, "पेशंट कधीकधी खोटं बोलतात, सर. आम्हांला तसं शिकवलंय."

आणि तिनं तो कापूस जखमेवर टेकवला. मग मात्र भोंगा वाजला. रस्त्यावरून जाणारी सायकल थांबली. ड्रायव्हरांनी रुमाल सोडून दिले आणि पोट धरून हसले.

घरी जाताना रिक्षात तो मधे, आम्ही दोघं बाजूला. टेकून बसता येईना म्हणून तो पुढे वाकलेला. त्यानं विचारलं, तुला कळलं कसं. ती म्हणाली, "अहो, बारा वर्षं संसार केलाय. तुम्ही कुठेच दुखत नाही म्हणालात, तिथंच मी घाबरले."

मुद्दाम केलंत का, हे तिनं विचारलं नाही. आणि त्यानंही सांगितलं नाही. मी रिक्षाबाहेर बघत बसलो. मला त्या सोनाराच्या पोराचा ताप आठवत होता.

ती पास झाली, त्याच गाडीवर लागली. आता तो पुढे, ती मागे. मधल्या काचेवर तिनं एकदा ठोठावलं की गाडी हळू, दोनदा ठोठावलं की जोरात. वाचलेल्या माणसांचे नातलग येतात ते गाडीतल्या बाईंना विचारत येतात. भोंगा त्यांना चहा देतो आणि गाडी कोण चालवत होतं ते न विचारता सांगतो. सुंभ जळला तरी पीळ थोडा राहतोच. परवा त्यानं मला हळूच सांगितलं, ती एका हातानं जखम दाबून धरत दुसऱ्यानं काच ठोठावते, कसं जमतं तिला कोण जाणे. हे सांगताना त्याचा चेहरा आंबट होता. पण सांगितलं.

मागच्या आठवड्यात शिंपी जेवायला होता. त्याला जुनी गोष्ट आठवली, तो म्हणाला, भोंग्या, ते झाडावरच्या माणसाचं सांग की. नातीनं ताटात डोकं घातलं. सूनबाई पाणी आणायला उठली. भोंग्यानं गोष्ट सांगितली, वाट अरुंद होती, स्ट्रेचर जाईना, मी त्याला खांद्यावर टाकला. हात वर गेला. तो खाली घेऊन त्यानं घास उचलला, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे न बघता म्हणाला, "मान आधी धरायला हवी होती. तेव्हा मला ठाऊक नव्हतं."