कळंबचं एक तिकीट

मंचरच्या शांताआक्कांचं नाव आधी घेतो, मग काय झालं ते सांगतो. त्या नसत्या तर त्या दिवशी मी कळंबच्या थांब्यावरच बसून राहिलो असतो, आणि तिकडं बेल्ह्याला गायींचे हाल झाले असते.

बेल्ह्याहून गोठेवाल्या दत्ताभाऊंचा फोन आला तेव्हा मी कळंबला एका गोठ्यावर मशीनची सर्व्हिसिंग करत होतो. त्यांचा व्हॅक्यूम पंप सकाळीच बंद पडला होता. मिल्किंग मशीन म्हणजे गायीचं दूध काढणारं यंत्र. सडांना कप लावायचे आणि पंपानं नळीतली हवा ओढून घ्यायची, की दूध आपोआप खेचलं जातं. पंप गेला की बाकीचं सगळं नुसतं लोखंड.

भाऊ म्हणाले, सकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून हातानं धार काढली. हाताला गोळे आले तरी निम्म्या गायींची कास रिकामी झाली नाही. कासेत दूध तुंबलं की ती सुजते, कडक होते. तिकडं त्याला दगडी म्हणतात. सकाळचं कसंतरी निभावलं, पण संध्याकाळची धार मशीनवरच निघायला हवी होती. नुकतीच व्यालेली एक गाय तर कुणाला जवळच येऊ देत नव्हती.

माझ्याजवळ जादा पंप होता, पण गाडी नव्हती. कंपनीचा टेम्पो दुसऱ्या टेक्निशियनला घेऊन शिरूरकडं गेलेला. त्या दिवशी बेल्ह्याचा बैलबाजार. कळंबहून तिकडं जाणारे टेम्पो अन् मोटरसायकली सकाळीच गेल्या होत्या. मी पुण्याला सुपरवायझर सरांना फोन लावला. ते म्हणाले, "ट्रिप प्लॅनर कशासाठी आहे मोबाईलमध्ये? बसनं जा."

ट्रिप प्लॅनर म्हणजे असं ॲप, की कुठून कुठं जायचं ते टाकलं की कुठल्या थांब्यावर उभं राहायचं, कुठली बस धरायची, कुठं बदलायची ते सांगतं. मी टाकलं. त्यानं सांगितलं, कळंब थांबा, तिथून आळेफाटा, तिथं बस बदलून बेल्हे. सगळं कसं चित्रासारखं सरळ. मला बरं वाटलं. माझं गाव हिंगोलीकडं. शाळा नववीत सुटली, या भागात येऊन थोडेच दिवस झाले होते, नोकरी अजून ट्रायलवर. रस्ता विचारला की माणूस आधी "कुठलं पावणं?" असं विचारतो. ॲप तसलं काही विचारत नाही.

पंप गोणपाटात बांधून, खांद्यावर घेऊन जुन्या रस्त्यावरच्या थांब्यावर आलो. ॲपवर बस जवळ येताना दिसत होती. मी पंप उचलून तयार राहिलो. रस्त्यावर कोणी नाही. जरा वेळानं सरांचा फोन.

"कुठं पोचलास?"

"सर, थांब्यावरच आहे. बस आली नाही."

"मला इथं स्क्रीनवर दिसतंय, बस तुझ्या पुढं गेली."

"माझ्या समोरून नाही गेली, सर."

"मग तू उभा कुठं आहेस?"

"ॲपनं सांगितलं तिथंच."

सर म्हणाले, संध्याकाळी मशीन चालू झालं नाही तर कस्टमर जाईल, आणि कस्टमर गेला तर वर काय सांगायचं ते तूच सांग. ट्रायलवरच्या माणसाला एवढं पुरतं.

घाबरत दत्ताभाऊंना फोन केला. वाटलं, शिव्या बसतील. दोन बसल्याही. मग ते म्हणाले, "तितं उभं राहून काय व्हणार राव? कळंबला उतरणारं माणूस आसलं तरच ती गाडी गावात वळती. न्हाईतर वरच्यावर बायपासनं निघून जाती."

बायपासला जाऊन हात करू का, असं मी विचारलं. तर म्हणाले, तिथं थांबा न्हाई, भरधाव गाडी कोण थांबवतंय तुझ्यासाठी. मग म्हणाले, "थांब जरा. हलू नगं." आणि फोन ठेवला.

कशासाठी थांबायचं ते कळेना. ॲपनं पुढची बस दाखवली. या वेळी मी पंप उचललाच नाही.

आणि बस आली. फाट्यावरून वळून, धूळ उडवत, थेट माझ्यासमोर.

दारात एक वयस्कर बाई उभ्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, हातात नुसती कापडी पिशवी. एक पाय खालच्या पायरीवर ठेवून त्या थांबल्या. कंडक्टर म्हणाला, "आक्का, उतरा बिगी."

"गुडघा धरलाय माजा, दम खा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "तूच का रं मशीनवाला? आदी त्यो पंप वर घे."

मी त्यांच्या बाजूनं पंप आत सरकवला, मग चढलो. त्यानंतर त्यांचा गुडघा बरा झाला आणि त्या टुणकन खाली उतरल्या.

मी दारातूनच विचारलं, "तुम्ही कोण?"

"दत्ताची थोरली भैन. मंचरला आसते, स्टँडच्या मागं."

"इथं कुणाकडं आलात?"

"कुनाकडं न्हाई. माजं काय काम हाय हितं? तुला बसवाया आले."

कंडक्टरनं घंटी मारली. मागं वळून पाहिलं तर आक्का थांब्याच्या सावलीला पदर सावरून बसत होत्या. मंचरला परत जायची गाडी गावात कधी वळेल, ते त्यांनाही ठाऊक नसणार. कंडक्टर माझं तिकीट फाडताना हसत होता. म्हणाला, मंचरला चढल्या तवाच मी म्हणलं, कळंबला कोणी न्हाई, गाडी वरनं नेतो. तर म्हणल्या, मी काय कोणी न्हाई का?

आळेफाट्याला बस बदलली. बेल्ह्याच्या स्टँडवर दत्ताभाऊ मोटरसायकल घेऊन उभे होते. बाजार उठत होता, टेम्पोंमधून वाट काढत गोठ्यावर गेलो. पंप बसवला, बेल्ट ताणला, गळती तपासली. गायी हंबरत होत्या. मशीन सुरू झालं तेव्हा भाऊ भिंतीला टेकून खाली बसले. एका गायीचा एक सड सुजलाच, तिला डॉक्टर लागला. बाकीच्या सुटल्या. व्यालेलीनं शेवटी कप लावून घेतले.

सरांना कळवलं. ते म्हणाले, "बघ, ॲपनं सांगितलं तसाच पोचलास ना?" मी हो म्हणालो. ॲपनंही मला विचारलं होतं, बस थांब्यावर आली का? खाली दोनच बटणं, हो आणि नाही. मी हो दाबलं. कशी आली ते लिहायला जागा नव्हती.

पुढं नोकरी पक्की झाली. आता ॲप बघतोच, पण आधी गोठेवाल्याला विचारतो, गाडी गावात वळते का, आणि कुणासाठी.

शांताआक्का त्या दिवशी मंचरला कधी पोचल्या ते मी अजून विचारलेलं नाही, धीर होत नाही. पण त्यांना कधी कुठल्या आडथांब्यावर उभं राहायची वेळ आली आणि मला कळलं, तर मागच्या स्टँडवरून त्या गावचं तिकीट मी काढीन. काम नसताना उतरीन, आणि त्या नीट बसेपर्यंत माझाही गुडघा धरलेला असेल.