न मागितलेली माफी

"वाच. दहावीपर्यंत शिकलीस ना? मोठ्यानं वाच."

वकिलांनी बिलाचा कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. पेणचं त्यांचं ऑफिस माणसांनी भरलेलं. मी उभी. रोह्याहून पहिली शिफ्ट करून आलेली, एसटीतही उभीच. आई दाराशी, चपलांजवळ बसलेली. तिला कुणी आत ये म्हटलं नव्हतं. तिलाही त्याचं काही वाटलं नव्हतं.

मी वाचलं. रोह्याला जाण्यायेण्याचा खर्च. कंपनीच्या साहेबांची भेट. आणि त्याखाली, अशिलाच्या वतीने लेखी माफी.

"अशील म्हंजे कोण?" मी विचारलं.

खुर्च्यांवरची माणसं हसली. वकीलही हसले. "तू गो. दुसरं कोण?"

तेव्हा मला कळलं, कामावरून काढलेल्या मला कंपनीत परत का घेतलं.

रोह्याच्या एका कंपनीत मी कँटीनला होते. ठेकेदाराकडून. साहेबलोकांना वाढायचं काम. आमचं घर धरमतरच्या खाडीला, आईबाप याच वकिलांच्या मिठागरात राबलेले. एका दुपारी एका साहेबांनी मी वाढलेलं ताट नाकाशी नेलं. "हिच्या हाताला खाडीच्या चिखलाचा वास येतो," म्हणाले. सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं. मग म्हणाले, "जा. फिनेलनं हात धुऊन ये."

कुणीतरी फिनेलची बाटलीही आणून ठेवली. अगदी तत्परतेनं.

मी हात धुतले नाहीत. ताट उचललं आणि म्हटलं, "तांदूळबी याच हातांनी धुतलेत. काल तुमी मागून मागून जेवलात."

संध्याकाळी ठेकेदार म्हणाला, उद्यापासून येऊ नको.

काही दिवस घरी बसले. मग निरोप आला, ये. मला वाटलं, कुणाला तरी लाज वाटली असेल. गेले. ते साहेब मला बघून मान हलवायचे. वाह्यात पोर वठणीवर आलं की मोठी माणसं हलवतात तशी. मला अर्थ कळायचा नाही. ती मान बघून नुसतं दमायला व्हायचं.

आता अर्थ कळला.

"मी तुमाला सांगितलं होतं, माज्यासाठी माफी मागा म्हणून?"

"सांगायला कशाला पाहिजे? तुझी आई आमच्या मिठागरात काम करते. तुमचं भलं आम्हीच बघायचं."

"भलं केलंत, तर मग बिल कशाला?"

हसणं थांबलं. वकिलांचा आवाज खाली आला. "पैसे दिले नाहीस तर कंपनीला कळवीन, माफी मागे घेतली म्हणून. नोकरी जाईल. आणि आईच्या कामाचंही बघ जरा."

खरं सांगते, मला शूर वगैरे काही वाटत नव्हतं. पाय भरून आले होते. त्या वेळी कुणी बस म्हटलं असतं, घोटभर पाणी दिलं असतं, तर कदाचित हो म्हणाले असते. कुणी म्हटलं नाही.

"तुमी नका कळवू," मी म्हटलं. "मीच सांगते जाऊन."

परतीच्या एसटीत वडखळ आलं. आई म्हणाली, "दिलं असतंस तर काय झालं असतं गो? नोकरी तरी रायली असती."

"माजं नाव लावून माफी मागितली, आये."

"नावानं पोट भरतं काय?"

 

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याच साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले. "ती माफी माजी नाय. मी मागितली नव्हती. मागणारबी नाय."

साहेब जेवत राहिले. वर बघितलंसुद्धा नाही. ठेकेदारानं मला दंडाला धरून गेटपर्यंत नेलं. माझ्याबरोबर वाढणाऱ्या बायका भिंतीकडे बघत होत्या.

त्या हंगामात आईला मिठागरात कुणी बोलावलं नाही. मी पेणला पोह्याचे पापड लाटायला जाऊ लागले. दिवसभर वाकून बसायचं, मजुरी कँटीनपेक्षा कमी. आई कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

वकिलांचा कारकून पापड लाटायच्या जागी आला. म्हातारा माणूस, घामानं भिजलेला. "वकीलसाहेब म्हणतात, अर्धं दे. विषय मिटवून टाकू."

"अर्धं दिलं तर अर्धी माफी मागितल्यासारखं होईल," मी म्हटलं.

तो पाणी प्यायला. गेला.

तो परत येईल. नाहीतर त्याची जागा दुसरा कुणी घेईल. येऊ दे. मी देणार नाही. आणि यापुढे माझं नाव घेऊन कुणी कुणापुढे हात जोडले, तर चार माणसांत उभी राहून त्याला विचारीन, तुला सांगितलं होतं कुणी?