दादासाठी लिनक्सचं पुस्तक

माझा थोरला भाऊ मेंढ्या राखतो आणि मी जालन्यात एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. हे सांगितलं की ऐकणारे म्हणतात, "वा, एकाच घरात!" मी हसतो आणि विषय बदलतो.

आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई. दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. तो दहावीला असताना वडिलांचे गुडघे गेले. मेंढरांमागे कुणीतरी जाणं भाग होतं, तो गेला. परीक्षा त्याने दिली, पण निकाल लागला तेव्हा तो कळपाबरोबर गोदावरीकडे होता. शाळेतून निकाल मीच आणला. गणितात त्याला चांगले मार्क होते, पुढे मला पडले त्याहून जास्त. मग घरात एक वाक्य रुळलं, "थोरल्याला शाळेची आवड नव्हती." आई म्हणायची, चुलते म्हणायचे, हळूहळू मीही म्हणायला लागलो. माझ्या लग्नात सासरच्या माणसांना मी हेच सांगितलं. दादा तिथेच पंगतीत वाढत होता.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडी भोकरदनच्या रस्त्यावर मेंढरं पार करताना एका मोटारसायकलने त्याला उडवलं. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत सळई टाकली आणि डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत हिंडणं-फिरणं बंद केलं. कळप चुलतभावाने सांभाळायला घेतला. दादा खाटेवर पडला. इतके दिवस एका जागी त्याला मी कधीच पाहिलं नव्हतं.

दर रविवारी मी गावी जायचो. एकदा वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, यांच्या हाताला काहीतरी काम द्या. दिवसभर मोबाइल बघतेत अन् माझ्यावर खेकसतेत."

दादाने ते ऐकलं. खाटेवरूनच म्हणाला, "तू पोरांना काय शिकवून राह्यला, ते मला शिकव ना."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण तो माझ्याकडे बघत होता आणि हसत नव्हता.

पुढच्या रविवारी मी माझा जुना लॅपटॉप नेला. त्यावर लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलं होतं. हे फुकट मिळतं, असं सांगितल्यावर त्याला पटेना.

"फुकट कसं?"

"नुसतं फुकट नाही दादा. आत कसं लिहिलंय ते कुणीही उघडून बघू शकतं. बदलू शकतं, दुसऱ्याला देऊ शकतं."

"अन् मालक कोण?"

"एकटा कुणी मालक नाही."

"गायरानच म्हण की," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "पण गायरानावर बी कोणीतरी कुंपण घालतंच."

"तसं करता येऊ नये म्हणून त्यांनी परवान्यातच लिहून ठेवलंय. पुढे द्यायचं तर असंच उघडं द्यायचं."

"शाणे हायेत," दादा म्हणाला.

त्याला व्हिडिओ नको होते. "मोबाइलमधलं माणूस भराभरा बोलतं. पुस्तक आपल्यासाठी थांबतं," असं त्याचं म्हणणं. म्हणून मी पुस्तकं आणायला संभाजीनगरला गेलो. इतकी वर्षं हाच विषय शिकवतोय, मला कितीसा वेळ लागणार होता? दुकानात इंग्रजी जाडजूड पुस्तकं होती, जी मी मुलांना वाचायला सांगतो. परीक्षेची गाइडं होती. मराठीत लिनक्सवर एक सापडलं, ते घेतलं. प्रोग्रॅमिंगसाठी पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेचं एक बारीकसं हिंदी पुस्तक दिसलं. दादाचं हिंदी चांगलं आहे, व्यापाऱ्यांशी बोलून बोलून झालेलं. ते चाळलं तर पहिल्याच पानांवर लक्षात आलं की पुस्तक पायथनच्या जुन्या आवृत्तीचं आहे. लॅपटॉपवर नवी होती. थोडं हिंडलो असतो तर दुसरं मिळालं असतं, पण मला संध्याकाळच्या आत घरी पोचायचं होतं. आणि मनात एक विचार येऊन गेला, त्याला कुठे एवढं पुढे जायचंय.

तो विचार मी कुणालाच सांगितलेला नाही. बायकोलाही नाही.

पुस्तकं दिली त्याच्या पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा मराठी पुस्तक खाटेखाली पडलेलं होतं. दादा म्हणाला, "हे कोणाचं मराठी हाय? संचिका म्हंजे काय?"

"फाइल."

"मंग फाइलच म्हणायचं ना! अन् हे निर्देशिका?"

"फोल्डर."

वहिनी चहा गाळता गाळता हसल्या. मीही हसलो. दादा हसला नाही. त्याने हिंदी पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं आणि लॅपटॉप वळवून दाखवला. पुस्तकात छापलेल्या दोन ओळी त्याने स्वतःचं नाव घालून टाइप केल्या होत्या. खाली चूक दाखवणारा तोच तो मजकूर पुन्हापुन्हा उमटलेला होता. वर सरकवत गेलो तरी संपेना.

"हप्ताभर हेच करून राह्यलो," तो म्हणाला. "एकेक अक्षर बराबर तपासलं. चष्मा न्हाई म्हणून हिच्याकडून वाचून घेतलं. माझ्याच डोक्यात शिरंना."

चूक एवढीच होती की नव्या आवृत्तीत 'प्रिंट' या शब्दानंतर कंस लागतो आणि जुन्या पुस्तकात तो नव्हता. मी कंस घातले. पडद्यावर त्याचं नाव उमटलं.

"मंग पुस्तकात चुकलंय का?"

मी म्हणू शकलो असतो, हो, छपाईची चूक. माझ्या ओठांवर ते आलंही होतं. वहिनी कप घेऊन उभ्या होत्या. मी म्हणालो, "पुस्तक जुनं आहे दादा. घेतानाच मला दिसलं होतं. तरी घेतलं."

त्याने पुस्तक मिटलं. बराच वेळ त्याच्या कव्हरवरून अंगठा फिरवत राहिला.

"सांगायचं ना मंग," तो शेवटी म्हणाला. "मी सोताला येडा समजून राह्यलो."

वहिनींनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला.

नंतर मी कॉलेजच्या ग्रंथालयातून पिशवीभर पुस्तकं नेली आणि त्याच्या खाटेवर मांडली. मी काहीच सुचवलं नाही. तो एकेक उघडून मधलंच पान बघायचा. मला वाटलं, चित्रं बघतोय. तो दुसरंच बघत होता. "यात करायला काई न्हाई, नुसतं सांगून राह्यलाय," असं म्हणून त्याने अर्ध्याहून जास्त बाजूला सारली. ज्यांत उदाहरण पानभर लांब होतं तीही सारली. शेवटी त्याच्या हातात एक इंग्रजी पुस्तक उरलं. चार-पाच ओळींची उदाहरणं आणि प्रत्येक धड्याखाली दोन प्रश्न, उत्तरं न दिलेले. आवृत्ती मात्र मला विचारून खात्री करून घेतली. आता माझ्यावर पूर्वीसारखा आंधळा विश्वास नव्हता, हे कळलं.

"इंग्रजी जमेल?"

"हाणू. डिक्शनरी हाय की मोबाइलमधी."

नवरात्रात रेणुकाईच्या देवळात गर्दी होती, लाउडस्पीकर चालू होता आणि दादा पायाखाली उशी घेऊन प्रोग्रॅम लिहीत होता. कोणती मेंढी कोणत्या एडक्याची हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. सख्ख्या नात्यात जोड लागू नये म्हणून ते ध्यानात ठेवावं लागतं. तेच त्याला कॉम्प्युटरला शिकवायचं होतं. मी शेजारी बसलो होतो. त्याने विचारलं, "यादीतली पयली मेंढी शून्य नंबरची का?" मी समजावून सांगायला लागलो. माझं वाक्य अर्धं झालं असेल नसेल, तो म्हणाला, "हां, म्हंजे पयल्या जागेपासून किती पुढं जायचं ते. पयलीसाठी पुढं जायचंच न्हाई." आणि पुन्हा टाइप करायला लागला.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो आणि माठाजवळ नुसता उभा राहिलो. वर्गात हे समजावून देताना माझा अर्धा तास जातो. पण मला त्याचं काही वाटलं नाही. मला ते घरातलं वाक्य आठवलं. थोरल्याला शाळेची आवड नव्हती. ते खरं असतं तर मी सुटलो असतो. इतकी वर्षं मी तेच धरून बसलो होतो.

दिवाळी झाली. दादा काठी टेकत, मग काठीशिवाय चालू लागला. कळप तीर्थपुरीकडे न्यायचा ठरला. उसाच्या तोडी सुरू झाल्या होत्या, तिथे मेंढरांना चरायला उसाचं पाचट आणि वाढे मिळतात. निघायच्या आदल्या दिवशी त्याने लॅपटॉप आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

"घेऊन जा. तिकडं चार्जिंगचे वांधे. धूळ बसंल."

"चांगलं चाललं होतं," मी म्हणालो.

"चाललं होतंच की."

पिशवी गाडीला अडकवताना माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. हलकं वाटलं. जालन्याच्या वाटेवरचं राजूर गाठेपर्यंत ते काय होतं हे मला समजलं, आणि मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. दादा थांबला म्हणून मला बरं वाटलं होतं. आता त्याला शिकताना बघावं लागणार नव्हतं.

थंडीत तीर्थपुरीजवळ त्यांचा तळ होता, तिथे मी गेलो. कापलेल्या उसाच्या रानात मेंढरं बसवली होती, वहिनी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होत्या. दादा घोंगडी अंथरून मोबाइलवर वाकला होता. मी जवळ जाऊन बघितलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी. त्याने मोबाइलवरच पायथन टाकून घेतलं होतं.

मी शेजारी बसलो. आजवर न विचारलेलं तेव्हा विचारून टाकलं. "दादा, तुला शाळा आवडायची का रे?"

त्याने मान वर केली नाही. "आवडायची."

"मग कधी बोलला नाहीस."

"तवा कोणी इचारलं?" तो म्हणाला. मग, रागाने नव्हे, "आता तू इचारून राह्यला ते तुझ्यासाठी. माझ्यासाठी न्हाई."

वहिनींनी भाकरी उलटली. खरं होतं ते.

त्याचा प्रोग्रॅम एका जागी अडला होता. चूक मला बघताक्षणीच दिसली होती, एक ओळ आत सरकवायची राहिली होती. मी हात पुढे केला.

"थांब," दादा म्हणाला. "सांगू नको."

मी हात मागे घेतला. तो एकेक ओळीवरून बोट फिरवत सावकाश वाचत राहिला, आणि मी त्याच्या शेजारी गप्प बसून राहिलो.