मासळीची विळी

कोलकात्यात, बेहालाच्या आमच्या गल्लीत मला सगळे 'मराठी बौदी' म्हणतात. बौदी म्हणजे वहिनी. त्या 'मराठी'ने माझं डोकं फिरतं. नवऱ्याच्या बदलीमुळे तीन वर्षांसाठी म्हणून आलो, मग त्याने इथेच दुसरी नोकरी धरली. येऊन आता बावीस वर्षं झाली. पुण्याचे नातेवाईक म्हणतात, "स्वस्ताई आहे ना तिकडे, म्हणून चिकटलात." आणि गल्लीतले विचारतात, "देशाला कधी जाणार?" देश म्हणजे आपलं गाव. मुलगा माझा इथे जन्मला, बंगालीत कडाकडा भांडतो आणि मराठीत अडखळतो. कुठल्या देशाला जाऊ?

सगळ्यात जास्त चीड यायची दुर्गापूजेत. अष्टमीला सकाळी बायका मांडवामागे जमिनीवर बसून देवीच्या नैवेद्याची फळं कापतात. कालपरवा लग्न होऊन आलेली सूनही बसते. मला मात्र खुर्ची! "तुम्ही कशाला त्रास घेता?" दुपारी खिचडीचा डबा घरपोच, पाहुण्यांना देतात तसा. तो डबा मी दरवर्षी हसून घेतला आणि दार लावून आदळला.

यंदा म्हटलं, बास. आंघोळ करून, उपाशीपोटी, कुणालाही न विचारता जाऊन बसले. तळमजल्यावरच्या काकीमांचा तिथे शब्द चालतो. त्या एका नव्या सुनेला झापत होत्या, सफरचंदाच्या फोडी जाड झाल्या म्हणून. एक विळी कमी पडत होती. "माझ्या स्वयंपाकघरातून आणता का?" त्यांनी मला विचारलं. मी अक्षरशः धावले. तिथे दोन विळ्या होत्या. जास्त धारेची वाटली ती उचलली, आणि परातभर पेरू, काकड्या, नासपती चिरून काढल्या.

मग काकीमांची नजर विळीच्या पात्याकडे गेली आणि त्यांचा चेहराच उतरला. ती मासळीची विळी होती. त्यांच्या घरात मासळीची वेगळी, भाजीची वेगळी. आमच्याकडे जन्मभर एकाच विळीवर सगळं चालत आलेलं. परातभर फळं बाद झाली.

मी मान खाली घालून बोलणी खायला बसले. पण काकीमा गोड हसल्या. "असू दे. तुम्हाला कसं कळणार? तुम्ही बाहेरच्या." कुणीतरी लगेच खुर्ची पुढे सरकवली.

ती खुर्ची बघून माझा तोल गेला. "जाड फोडींसाठी त्या पोरीला झापलंत," मी बंगालीत ओरडले, "मी अख्खा नैवेद्य नासवला आणि मला खुर्ची? बावीस वर्षं कुठे राहतेय मी? मला रागवा ना!"

काकीमांचं हसू गेलं.

"बावीस वर्षं राहतेस आणि मासळीची विळी कळत नाही?" त्या कडाडल्या. "नाक कुठे गहाण ठेवलंस? आधी बाजारात जाऊन फळं घेऊन ये. मग पुन्हा आंघोळ कर. पूजेला उशीर झाला तर बघ!"

मी पाय आपटत निघाले. बाजारात फळवाल्याशी उगाच भांडले. आंघोळ करताना रडू आलं, पण राग काही उतरला नव्हता. एवढं साधं बोलायला यांना बावीस वर्षं लागावीत?

परत आले तर खुर्चीवर बायकांनी आपल्या पर्स रचून ठेवल्या होत्या. मी खाली बसले आणि विळी पुढे ओढली.