पोलादाची घाई

उत्पादन वाढावं म्हणून मॅनेजर विद्याधरने बंगळुरूजवळच्या आनेकलच्या कारखान्यात पत्रे कापणाऱ्या प्रेसची संरक्षक जाळी काढायला लावली होती. शिवाप्पा या कामगाराचा पंजा प्रेसमध्ये चिरडला, आणि चिडलेल्या कामगारांनी सळईने विद्याधरचं डोकं फोडलं. उद्या तो पुन्हा कामावर निघणार होता, म्हणून त्याची बायको वीणा त्याच्याजवळून हलत नव्हती.

टाके पडलेलं डोकं घेऊन तो लेकीच्या कॉम्प्युटरवर देश उभारायचा खेळ शिकत होता.

"बाबा, आधी लाकूड, अवजारं. मग कोळसा, लोखंड. पोलाद शेवटी," यशश्री म्हणाली. "आणि सगळे शेतकरी एकदम कारखान्यात ओढू नका, धान्य महागतं."

"स्वल्प... जरा गप्प बस गं!" तो कानडी मिसळत म्हणाला.

त्याने सगळे शेतकरी ओढून पोलादाचे पाच कारखाने काढले. उपाशी लोक पेटून उठले. त्याने सैन्य सोडलं. माणसं कापली गेली, तरी जमाव वाढतच गेला आणि राजधानी जळून खाक झाली.

"कामगारांच्या सुरक्षेचा कायदा करायचा होता, बाबा."

"त्याने उत्पादन घटतं."

"आता किती आहे?" वीणाने विचारलं.

पडद्यावर शून्य होतं.

विद्याधरने टाक्यांवरून बोट फिरवलं आणि फोरमनला फोन लावला. "नागराजअण्णा, प्रेसची जाळी परत बसवा. मी यायच्या आधी."