चेअरमनच्या हस्ते शकूआत्याचा सत्कार

माझ्या आत्यानं गावच्या चेअरमनला पेंडचोर लिहिलं आणि चेअरमननं तिला शाल पांघरली.

यात चूक माझी.

शकूआत्या परवा टोरांटोत वारली. जन्म तिकडं काढला, इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या आणि सगळ्यांत गाव आमचंच, वडवणीजवळचं.

फोनवर आधी विचारायची, टँकर येतो का? मग बोअरचं. माझी तब्येत सगळ्यात शेवटी.

तिसऱ्या कादंबरीत दुष्काळ होता. दूध संस्थेत सभासदांच्या जनावरांसाठी सरकारी पेंड येते आणि चेअरमन ती आपल्याच गोठ्यात उतरवतो.

नाव बदललं होतं. मिशा तेवढ्या तशाच ठेवल्या होत्या.

आपल्यावर पुस्तक आलंय हे कळल्यावर चेअरमन लई हरखले. मला म्हणाले, मॅडम, दूध संस्थेच्या वार्षिक सभेत मराठीतून वाचून दाखवा.

आता मी त्यांच्याच शाळेत इंग्रजी शिकवणारी. तेव्हा पर्मनंटही नव्हते.

वाचलं. म्हणजे पुस्तक उघडं धरलं आणि तोंडाला येईल ते बोलले. साहेब स्वतःच्या म्हशी उपाशी ठेवून गोरगरिबांच्या दारात पेंड नेऊन टाकतात म्हणे.

मागच्या रांगेत एकदम खोकल्याची साथ आली.

तरी लेखिकेच्या सत्काराचा ठराव मंजूर झाला. सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर.

आत्या धावत आली. तिकडं तिला बक्षिसं मिळाली होती, पण स्टँडवर उतरल्या उतरल्या मला मिठी मारून म्हणाली, "गावानं वाचलं गं माझं. हेच पाहिजे होतं."

तिथंच सांगायला पाहिजे होतं. धीर झाला नाही.

स्टेजवर शाल, नारळ, हार झाले. आमच्या त्यागाची दखल ताईंनी सातासमुद्रापार घेतली, म्हणून चेअरमननं भाषणात आभार मानले.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मेले मी मनातल्या मनात.

मग तिनं माईक ओढला. आता मी वाचते म्हणाली आणि होतं तसं मराठीत सांगत गेली. पेंडीचा टेम्पो चेअरमनच्या गोठ्याकडं वळला.

चेअरमन ताडकन उठले.

"टेम्पो न्हाई शकूताई. तवा टेम्पो कुठं व्हता आमच्याकडं? माझाच ट्रॅक्टर व्हता."

अख्खा मंडप फुटला. हसता हसता एकजण खुर्चीसकट आडवा झाला.

आपण काय बोललो हे साहेबांना कळायला बराच वेळ लागला.

निघताना आत्या म्हणाली, एवढं बारीक तिकडच्या समीक्षकांनीही वाचलं नाही. मी पाया पडून माफी मागितली, तेव्हा मात्र ती हसली नाही.

"मी गावाशी बोलत होते. तू मधी उभी राहिलीस."

मग पुस्तक माझ्या हातात दिलं आणि मराठी कर म्हणाली.

केलं. पेंडीचं प्रकरण सोडून सगळं केलं. ती दर फोनला विचारायची, मी दर फोनला परीक्षेचे पेपर सांगायचे. पेपर कसले, भीती होती. तिला ते डोळ्यांनी बघायचं होतं आणि मी दाखवलं नाही. याचं फार वाईट वाटतंय.

काल शाळेत रजा टाकली आणि ते प्रकरण लिहून काढलं. तिचा एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. पहिल्या कॉमेंटमध्ये टाकलंय.

चेअरमनसाहेब, तुम्हाला टॅग केलंय.

शकूआत्या, उशीर झाला गं. नमस्कार करते.