रुख्माबाईची रुई

गोळीबार चौकाजवळच्या विणकरांचे गुडघे हातमागावर बसून आखडले, की रुख्माबाई तेल लावून त्यांवर रुईची गरम पानं बांधायची. पण रुईचा चीक डोळ्यात गेला तर नजर जाते, म्हणून नातू रांगायला लागताच सून गोपिका विळा घेऊन अंगणातल्या झुडपाकडे निघाली.

"तोड वं," रुख्माबाई म्हणाली, "पण पानं मागायले येईल त्याले तूच नाही म्हण."

तेवढ्यात गोपिकाचे वडील उमरेडहून आले, ते लंगडतच.

"विहीणबाई, पानं बांधून द्या. गुडघ्यानं जीव खाल्ला."

"म्हण ना वं आता!" रुख्माबाई हसली.

गोपिकाने विळा ठेवला. संध्याकाळपर्यंत तिने झुडपाभोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि सासूला बजावलं, "मामीजी, पानं मीच तोडीन. तुम्ही चिकाच्या हातानं पोराले उचलता."